पडायचं कसं

अण्णा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याशी भांडणं माझ्या वयाला शोभत नाही, असं कुणीही म्हणेल. पण आपलं भांडण मिटलं नव्हतं. तुम्ही ते अर्धवट टाकून गेलात आणि माझी बाजू माझ्यापाशी तशीच राहिली. परवा ती पुन्हा वर आली. लेक राहतो त्या न्यू टाउनमधल्या इमारतीखाली लहान मुलांची शाळा आहे. तिथल्या बाईंना कुणीतरी सांगितलं होतं की वरच्या मजल्यावरच्या आजी पूर्वी बेहालात मुलांचा खेळवर्ग चालवायच्या. त्यांनी मला कौतुकानं बोलावून सगळं दाखवलं. रंगीत प्लास्टिकची फळी, रबराच्या गाद्या, मऊ चेंडू, आत शिरून रांगायला कापडी बोगदा. एक तरुण शिक्षिका मला समजावत होती, या फळीवरून चाललं की मुलांचा तोल सुधारतो. मी मान डोलवत होते. आपल्या भवानीपूरच्या गच्चीवरची फळी आईच्या मोडक्या फडताळाची होती आणि तिच्याखाली विटा होत्या. मग त्या मुलीनं विचारलं, "आजी, तुम्हाला हे सगळं कुणी शिकवलं?" वडील कवायत शिकवायचे, एवढं सांगितलं असतं तरी तिचं समाधान झालं असतं. मी म्हटलं, "कुणी नाही." नेहमीची पोत्यांच्या शर्यतीची गोष्ट तेवढी सांगितली, आणि आज हे लिहायला बसले.

तुमच्याबद्दल कुणी वाईट बोललं तर मला आजही खपत नाही, हे आधी सांगून ठेवते. तुमच्यासारखा ताठ चालणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. जन्म कलकत्त्यातला, पण व्यायामाचं वेड मिरजेच्या आजोळचं. सुट्टीत तिथल्या तालमीत जाऊन शिकलात आणि इथे येऊन शाळेत कवायतीचे मास्तर झालात. रविवारी सकाळी त्याच शाळेच्या मागच्या पटांगणात आपल्या मराठी लोकांच्या मुलांचा वर्ग घ्यायचात. बँकेतले, रेल्वेतले, बदलीवर आलेले अधिकारी आपापली मुलं आणून सोडायचे, कारण मराठीत "दक्ष" आणि "आरम" म्हणणारं इथे दुसरं होतं कोण. पांढरे गंजीफ्रॉक, लेझीम, काठ्या, आणि तुमची शिट्टी. सगळ्यांचा उजवा पाय एकाच वेळी उचलला गेला की तुमच्या चेहऱ्यावर जे समाधान यायचं, ते देवापुढेही कधी दिसलं नाही.

ह्यांची नोकरी तेव्हा कोळशाच्या खाणींच्या मुलखात होती आणि राहायला सरकारी घर मिळत नव्हतं, म्हणून मी लेकाला घेऊन तुमच्याकडे होते. तो पाचव्या वर्षात होता. चालायला उशिरा लागला होता, आणि लागला तरी सपाट जमिनीवर पडायचा. चेंडू टाकला की तो छातीवर आपटून खाली पडल्यावर त्याचे हात जवळ यायचे. शर्टाचं बटण त्याच्या बोटांतून सुटायचं, पाण्याचा पेला तोंडापर्यंत जाईतो अर्धा अंगावर. डॉक्टरांनी गुडघ्यावर छोटी हातोडी मारून पाहिली, डोळ्यांसमोर बोट फिरवलं आणि म्हणाले की आजार काही नाही, हळूहळू येईल. कसं येईल ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

तुम्ही त्याला एका रविवारी रांगेत उभं केलंत. मी कडेला होते. तुम्ही "डावीकडे वळ" म्हणालात आणि तो उजवीकडे वळून शेजारच्या मुलीवर आदळला, ती पुढच्यावर, आणि ती आखीव रांग ढासळली. मुलं हसली. तुम्ही रागावला नाहीत. त्याला उचललंत, गुडघे झाडलेत आणि पायरीवर नेऊन बसवलंत. म्हणालात, तू इथे बसून आकडे मोज. तो मोजत बसला. संध्याकाळी मला म्हणालात, अगदी मायेनं म्हणालात, ते आठवतंय: "सगळ्यांचे हातपाय सारखे नसतात. याचं डोकं चांगलं आहे. याला पाठांतर दे, मैदान देऊ नकोस." त्यानंतर तो तुमच्याबरोबर कुठेही निघाला की तुम्ही त्याचं मनगट धरायचात. जिन्यात, ट्रामच्या पायरीवर, फुटपाथवर. तो लटपटला की तुमचा हात वर जायचा आणि तो हवेत लटकायचा. तुमच्या हातात असताना तो कधीच पडला नाही. लोक म्हणायचे, आजोबा किती जपतात. मीही म्हणायचे.

ते दिवसही तसेच होते, शहरात राजकीय मारामाऱ्यांचे. संध्याकाळी कुठून तरी बॉम्बचा आवाज यायचा, दुकानांच्या फळ्या धडाधड बंद व्हायच्या, शाळा कधी उघडी तर कधी बंद. मुलांना मैदानावर पाठवायला कुणी धजत नव्हतं. सगळ्या पाड्यातली, म्हणजे आपल्या आळीतली, पोरं खोल्यांत कोंडलेली. मी लेकाला घेऊन गच्चीवर जायची, तेवढंच ऊन आणि वारा. एक दुपार माझ्या डोळ्यांसमोर आहे. आई वाळवणं घालतेय, मी कपडे झटकतेय, आणि तो कबुतरामागे दोन पावलं पळतो नि पडतो. पडताना त्याचे हात पुढे येत नाहीत. एखादी उभी केलेली फळी कलंडावी तसा तो सरळ तोंडावर येतो. ओठ फुटतो. मी त्याचं रक्त पुसतेय आणि मला एकदम लख्ख दिसतं, की या मुलाला पडता येत नाही. त्याला आजवर पडूच दिलेलं नाही. हात कशासाठी पुढे करायचे हे त्या हातांना कुणी सांगितलेलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मी दोन गोधड्या गच्चीवर अंथरल्या आणि त्याला म्हटलं, आपण आज पडायचं कसं ते शिकू. आधी मीच पडले. पदर खोचला, गुडघे वाकवले, हात टेकवले आणि कुशीवर लोळले. "भोपळा धप्प" असं त्या खेळाचं नाव पडलं. तो आधी घाबरला, मग हसला, मग दिवसभर भोपळा होऊन पडत राहिला. आई कुरडया उलटायला वर आली तेव्हा तिची लग्न झालेली लेक गोधडीवर गडबडा लोळत होती. ती कुरडया उलटून खाली गेली. दुसऱ्या दिवशी मी वर गेले तर गोधड्यांच्या जागी जुनी कापसाची गादी आधीच टाकलेली होती.

खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई, आमच्या माशीमा, आवाजानं वर आल्या आणि जिन्याच्या तोंडाशी थांबून म्हणाल्या, "पोडे जाबे तो!" मी माझ्या तोडक्यामोडक्या बांगलात म्हटलं की हो माशीमा, पडेल, तेच तर शिकतोय. त्यांनी थोडा वेळ पाहिलं आणि आपल्या दोन्ही नातवंडांना वर पाठवून दिलं. घरात उच्छाद मांडला होता त्यांनी. मग शेजारच्या घरातली पोरं आली. ती आम्हाला त्यांची कित-कित शिकवायची, खडूनं घरं आखून एका पायावर. मी त्यांना आपली लंगडी शिकवली. लेकाला एका पायावर उभं राहता यायचं नाही, म्हणून त्याच्यासाठी घरं मोठी आखली आणि दोन्ही पायांनी उडी मारायची मुभा दिली. बंगाली पोरांनी तो नियम विनातक्रार मान्य केला.

सामान काय होतं? जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत चिंचोके भरून शिवलेल्या पिशव्या. चेंडू घरंगळतो, हातातून निसटतो. पिशवी पडली तिथे राहते आणि झेलली तर मुठीत बसते. ती आधी जवळून बादलीत टाकायची, मग लांबून, मग डोक्यावर ठेवून फळीवरून चालायचं. सायकलवाल्यानं फेकलेला टायर, कधी ढकलत न्यायला, कधी आडवा टाकून आतबाहेर उड्या मारायला. पाण्यासाठी दोन बादल्या आणि एक फडकं: एकीत बुडवायचं, दुसरीत पिळायचं, कुणाची आधी भरते बघायचं. त्या पिळण्यानं त्याची बोटं जागी झाली. दोरी जमिनीवर नागासारखी पडलेली, तिच्यावरून उडी. मग ती घोट्याएवढी वर. कपड्यांचे चिमटे दांडीवर लावायची शर्यत. आणि तागाची पोती, ती तर कलकत्त्यात कुठल्याही दुकानामागे पडलेली असतात. पोत्यात पाय घालून बेडकासारखं जायचं, पडायचं, उठायचं.

स्वयंपाकघर आईनं घेतलं. तिनं त्याला मटार सोलायला बसवलं, कोथिंबीर निवडायला दिली, कणकेचा गोळा दिला. एका रात्री तुमच्या ताटात एक पोळी आली, तिला चारही बाजूंनी कोपरे. हा कुठल्या देशाचा नकाशा, असं तुम्ही विचारलंत. आई म्हणाली, तुमच्या नातवानं लाटलीय. तुम्ही ती खाल्लीत, पण खाऊन झाल्यावर म्हणालात की मुलग्याच्या हातात लाटणं देऊन काय साधणार आहात तुम्ही दोघी. त्याच आठवड्यात त्यानं शर्टाचं वरचं बटण स्वतः लावलं होतं. मी सांगितलं नाही. तुम्हाला दिसायला हवं होतं.

मग तुम्ही वर आलात. शाळा लवकर सुटली असावी. पोरं गादीवर एकमेकांवर लोळत होती, एक टायरात अडकला होता, माशीमांची नात फळीवरून गाणं म्हणत चालली होती. तुम्ही जिन्याशी उभे राहून म्हणालात, "हा काय प्रकार आहे?"

मी म्हटलं, खेळ चाललाय. तुम्ही म्हणालात की खेळाला नियम असतो, मोजणी असते, इथे ना रांग ना शिस्त, पोरं नुसती लोळताहेत. आणि मी, जिनं तुम्हाला तोवर कधी उलट उत्तर दिलं नव्हतं, म्हणाले, "लोळूनच माणूस उभं राहतं, अण्णा. तुमच्या रांगेत याला जागा नव्हती, म्हणून आम्ही रांगच काढून टाकली."

तुम्ही खाली गेलात. घरमालकांना सांगितलंत की गच्चीवर मुलांना धोका आहे, कुलूप लावा. त्यांनी तुमचा मान राखून लावलंही. दुसऱ्या दिवशी माशीमा नारळाचे नाडू, म्हणजे त्यांच्याकडचे लाडू, घेऊन आल्या. वाटीवरचं झाकण काढलं तर नाडूंच्या शेजारी किल्ली होती. त्या एवढंच म्हणाल्या की आपली नातवंडं दुपारी झोपत नाहीत.

हिवाळ्यात तुमच्या वर्गाचा वार्षिक कार्यक्रम आला. तुम्ही लेकासाठी पांढरा सदरा-विजार शिवून आणलीत, नव्या कापडाचा वास येत होता. त्याला जवळ घेऊन म्हणालात, तू झेंडा धरायचा. तो हरखून गेला, घरभर लाटणं उभं धरून फिरला. मला कळायला वेळ लागला नाही. झेंडा पटांगणाच्या कडेला असतो. झेंडेवाल्यानं हलायचं नसतं. मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात की त्याला मान दिलाय, आणखी काय हवं. मी म्हटलं, ज्याला हलायची बंदी तो मान कसला. तुम्ही वर्तमानपत्र उघडलंत. त्यामागून म्हणालात, सगळ्यांसमोर पडण्यापेक्षा हे बरं.

त्या सकाळी थंडी होती. सगळी मराठी मंडळी शाली पांघरून खुर्च्यांवर बसलेली, आई बायकांत. लेझीम झाली, काठी झाली, सगळं तुमच्या मनासारखं. तो कडेला झेंडा घेऊन उभा, हात भरून आलेले, नाक वाहतंय, पण हलत नाही. खरंच हलत नाही. मला त्याचा अभिमान वाटतोय आणि तुमचा राग येतोय, दोन्ही एकदम. मग लहान मुलांच्या शर्यती आल्या. पोत्यांची शर्यत पुकारली गेली, पोती पटांगणात आणून टाकली, आणि तो झेंड्याआडून पोत्यांकडे बघायला लागला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. तो रडत नव्हता, मागत नव्हता. ही तर आपली पोती, एवढंच त्याच्या चेहऱ्यावर होतं.

मी खुर्चीवरून उठले आणि सगळ्यांच्या देखत पटांगण ओलांडलं. तेवढं लांबचं अंतर मी माझ्या आयुष्यात दुसरं चालले नाही. त्याच्या हातातून झेंडा काढला. ठेवायचा कुठे कळेना, तेवढ्यात तुम्ही आलात. तुम्ही दात आवळून, कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणालात, "हे पटांगण आहे. तुझी गच्ची नाही."

"मग झेंडा तुम्ही धरा," मी म्हटलं, तो तुमच्या हातात दिला आणि लेकाला पोत्यांकडे पाठवलं.

तुमच्याकडे बघणारे एवढे डोळे, तुम्ही झेंडा खाली टाकणं शक्यच नव्हतं. तुम्ही तो घेऊन शर्यतीच्या शेवटच्या रेघेवर जाऊन उभे राहिलात आणि तिथूनच शिट्टी दिलीत. पोत्यांच्या शर्यतीत सगळेच पडतात, अण्णा, हे तुमच्या लक्षात आलं नव्हतं. तुमच्या रांगेतली पहिली दोन मुलं धाडकन तोंडावर आपटली आणि रडत बसली, त्यांना आया उचलून घेऊन गेल्या. त्यांना कुणी पडायला शिकवलेलं नव्हतं. माझा लेकही पडला, निम्म्या वाटेवर. उठला, पोतं वर ओढलं आणि पुढे उड्या मारत निघाला. पहिला आला नाही. काहींच्या मागे आणि काहींच्या पुढे, सगळ्या मुलांसारखा, तुमच्या पायाशी येऊन पोहोचला. तुम्ही त्याच्या डोक्यावर हात ठेवलात की नाही, हे एवढ्या लांबून दिसलं नाही.

घरी तुम्ही माझ्याशी बोलणं सोडलंत. "तिला सांग पाणी तापलंय," असं आईकरवी चालायचं आणि मीही आईकरवीच उत्तर द्यायची. मधल्या मध्ये आईनं किती निरोप वाहिले. पुढे ह्यांची कलकत्त्याला बदली झाली आणि आम्ही बेहालात घर घेतलं. तिथल्या रिकाम्या गॅरेजात मी वर्ग सुरू केला. तेच टायर, त्याच पिशव्या, पोती नवी. धडपडणारी, बावळट ठरलेली, शाळेनं मागच्या बाकावर बसवलेली मुलं यायची. तुम्ही एकदाच आलात, आईनं पाठवलं म्हणून. येताना तुमच्या वर्गाच्या बांबूच्या काठ्यांची मोळी आणलीत. मला वाटलं, झालं, मिटलं. मी लगेच त्या काठ्या विटांवर आडव्या ठेवल्या आणि मुलांना ओलांडायला लावल्या. तुम्ही उभेच राहिलात. म्हणालात, "काठीला पाय लावायचा नसतो. ती ओलांडायची तर नाहीच." मी म्हटलं की इथे ती ओलांडण्यासाठीच आहे. तुम्ही चहा न घेता बसस्टॉपवर गेलात. पुढचा उन्हाळा तुम्ही पाहिला नाहीत.

मला वाईट वाटतं का? तुम्ही गेलात याचं वाटतं. काठ्यांचं वाटत नाही. त्या झिजून तुटेपर्यंत मुलं त्यांच्यावरून उड्या मारत राहिली, आणि तुमच्या पूजेतल्या त्या काठ्यांना त्याहून मोठा मान कुठे मिळाला असता, असं मी आजही तुमच्या तोंडावर म्हणेन. झेंड्याबद्दलही माफी मागणार नाही. लेकाला सायकल अजून येत नाही. आता त्याचे केस पिकले, मेट्रोच्या जिन्यात अजूनही कठड्याला हात लावून उतरतो, घाईत असला की दारच्या चौकटीला खांदा लागतो. मी त्याला पहिलवान करणार असं कधी म्हटलं नव्हतं. तो पडतो तेव्हा हात पुढे करतो, अंग झाडतो आणि कामाला जातो. गेल्या पावसाळ्यात इमारतीच्या ओल्या फरशीवर घसरला तेव्हा रखवालदार धावत आला, तर हा कुशीवर वळून हसत बसला होता.

हे कुठल्या पत्त्यावर टाकणार. जेवायची वेळ झाली की कागद घडी करून उशीखाली जाईल. पण सगळं सांगितलंच आहे तर हेही लिहून टाकते, कारण हे मी ह्यांनाही कधी सांगितलं नाही. त्या शर्यतीची गोष्ट मी आयुष्यभर सांगत आले, बेहालात येणाऱ्या प्रत्येक आईला सांगितली, परवा त्या शाळेतल्या मुलीलाही सांगितली: तो पडला, त्यानं आधी हात टेकले, मग गुडघा, मग उठला. खरं म्हणजे तो कलंडला तेव्हा मी डोळे घट्ट मिटून घेतले होते. उघडले तेव्हा तो पुढे गेलेला होता. तो उठला कसा, ते तुम्ही समोरून पाहिलंत, अण्णा. मी नाही. त्यानं हात आधी टेकले का, एवढं विचारायला मी तुमच्याशी बोलायला हवं होतं, आणि तेव्हा आपण बोलत नव्हतो.